तलावकाठचा तंबू

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ भंडारदरा हे गाव आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा नदी येथे धरण बांधून अडवली आहे. या धरणाचे काम 1910 साली सुरू झाले आणि 1926 साली पुरे झाले. धरणाची उंची सुमारे 82 मीटर असून त्यामागे जो विस्तीर्ण तलाव पसरला आहे त्यात सुमारे 11 अब्ज घनफूट, म्हणजे जवळजवळ 31 कोटी घनमीटर पाणी मावते. तलावाच्या भोवती शेंडी, मुरशेत, मुतखेल, रतनवाडी अशी लहान लहान गावे आहेत. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, त्यांच्या वरच्या अंगाला नागली-वरईची शेते आणि त्याही वर डोंगर, असा हा प्रदेश आहे.

भाताची कापणी झाली की ही खाचरे रिकामी होतात. मग हिवाळ्यात आणि पुढे उन्हाळ्यात त्यांतील काहींमध्ये तंबू उभे राहतात. शाळांच्या सहली येतात, कुटुंबे येतात. सोयी बेताच्याच असतात. पाणी विहिरीवरून आणायचे, स्वयंपाक चुलीवर करायचा आणि रात्री कापडाच्या एका पडद्याआड झोपायचे. घराच्या भिंती आणि छप्पर आपल्यासाठी काय काय करतात, हे येथे प्रथम कळते. रात्री थंडी जमिनीतून का येते? पाऊस नसताना तंबू आतून ओला का होतो? तलावाचे नितळ पाणी प्यावे की न प्यावे? हे सारे प्रश्न तुमच्या पाठ्यपुस्तकातील उष्णता, बाष्प आणि दाब या प्रकरणांचेच आहेत. फरक एवढाच, की पुस्तकात उत्तर चुकले तर गुण जातात. येथे चुकले तर आजारपण येते आणि क्वचित जीवही जातो. म्हणून हे प्रश्न क्रमाने पाहू.

जागा कोणती निवडावी?

नवख्या माणसाला वाटते, तंबू अगदी पाण्याच्या काठाशी लावावा. हा मोह टाळावा. धरणाच्या तलावाची पातळी कायम नसते. पावसाळ्यात ती वाढते. पुढे कालव्यांना पाणी सुटले की ती उतरू लागते. उतरलेल्या पाण्याने मोकळी झालेली पट्टी वरून कोरडी, भेगाळलेली दिसते, पण खाली चिखल असतो. शिवाय अशा गाळाच्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. रिकामी दिसणारी जमीन बेवारस नसते. कोणाच्याही खाचरात तंबू लावण्यापूर्वी त्या घरी जाऊन विचारावे.

दुसरे कारण हवेचे आहे. पाण्याचा विशिष्ट उष्मा सुमारे 4.2 आणि कोरड्या मातीचा सुमारे 0.8 ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश आहे. म्हणजे सारख्याच वस्तुमानाच्या पाण्याचे आणि मातीचे तापमान 1 अंशाने वाढवायचे तर पाण्याला मातीच्या पाचपट उष्णता लागते. शिवाय पाण्यात उष्णता खोलवर मिसळते, जमिनीत ती वरच्या थरातच राहते. म्हणून दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तलावावरची गार हवा तिची जागा घेण्यासाठी काठाकडे येते. रात्री उलट होते. जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यावरची जड झालेली थंड हवा उतारावरून पाण्यासारखीच खाली वाहू लागते. उंबराच्या पानाचा तुकडा ओढ्यात जसा खोलगटात जाऊन अडकतो, तशी ही थंड हवा सखल खाचरात साचून राहते. काठापासून दोन-चार खाचरे वर गेले तर हवा निश्चित जाणवण्याइतकी उबदार असते, आणि डासही कमी असतात.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू लावू नये, कारण डोंगरावर वळवाचा पाऊस पडला तर खाली आकाश निरभ्र असतानाही लोंढा येऊ शकतो. वाळलेल्या फांद्या असलेल्या झाडाखालीही लावू नये. 'रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणून त्याखाली झोपू नये' असे सांगतात. उघड्यावर झाडाने सोडलेला हा वायू फारच थोडा असतो आणि तो लगेच हवेत मिसळून जातो. तुमच्या शेजारी झोपलेला मित्र झाडाच्या एखाद्या फांदीपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो! खरा धोका वरून पडणाऱ्या फांदीचा आहे.

दोऱ्या, मेखा आणि वारा

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ हिशेबासाठी, वेग मीटर प्रति सेकंदात घेतला तर दर चौरस मीटरवरील दाब = 0.6 × वेगाचा वर्ग, इतके न्यूटन. समजा, तंबूची एक बाजू 3 चौरस मीटरची आहे. वारा 10 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 36 किलोमीटर वेगाने आला तर तिच्यावर 180 न्यूटन, म्हणजे सुमारे 18 किलोग्रॅम वजनाइतके बल येईल. वेग दुप्पट झाला की बल चौपट, म्हणजे 72 किलोग्रॅम वजनाइतके होईल. एक मोठा माणूस तंबूला लोंबकळल्यासारखेच झाले. म्हणून तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करतात आणि दरवाजा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवतात.

मेख ठोकताना ती सरळ उभी न ठोकता तिचे डोके तंबूपासून दूर कललेले ठेवावे, म्हणजे दोरी आणि मेख यांच्यात जवळजवळ काटकोन होतो. असे केले की दोरीची ओढ मेखेला वर उपसत नाही. ती मेखेमागच्या मातीवर दाब देते. दोरी कशाची आहे तेही पाहावे. सुताची किंवा काथ्याची दोरी भिजली की तिचे तंतू फुगतात, पीळ घट्ट होतो आणि दोरी आखूड होते. अशी दोरी रात्री दवाने ताणली जाऊन मेख उपटू शकते, म्हणून झोपण्यापूर्वी थोडी सैल करावी. नायलॉनची दोरी मात्र ओली झाली की जरा लांबते. ती ताणून घ्यावी लागते. एकाच दवाचे दोन दोऱ्यांवर दोन उलटे परिणाम होतात, ते का याचा विचार करा.

थंडी खालून येते

भंडारदऱ्याला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान 10° से. च्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरते. अंगावर दोन रग घेतले तरी पाठ गार पडते, असा अनुभव पुष्कळांना येतो. उष्णता एका जागेहून दुसरीकडे वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी जाते. पांघरूण आपल्याभोवतीची हवा अडवून अभिसरण थांबवते. परंतु अंगाखालचे अंथरूण शरीराच्या भाराने दाबले जाते, त्यातील हवा निघून जाते आणि शरीराची उष्णता वहनाने सरळ जमिनीत जाऊ लागते. जमीन ओलसर असेल तर पाहायलाच नको. स्थिर हवेची उष्णतावाहकता 0.025 आणि पाण्याची 0.6 (वॉट प्रति मीटर प्रति अंश) आहे, म्हणजे पाणी हवेपेक्षा सुमारे 24 पट चांगले वाहक आहे.

मग उपाय काय? अंगावर तिसरा रग घेण्यापेक्षा तोच अंगाखाली घालावा. त्याहून चांगला उपाय या गावांत प्रत्येक घरी आहे: भाताचा पेंढा. पेंढ्याची काडी आतून पोकळ असते. वीतभर जाडीचा पेंढा पसरून त्यावर सतरंजी घातली तर दबल्यावरही त्यात पुष्कळ हवा कोंडून राहते. शहरातील दुकानांत फेसाच्या गाद्या मिळतात, त्यांचे तत्त्व हेच आहे. पेंढा चटकन पेटतो, म्हणून चूल व दिवा मात्र त्यापासून दूर ठेवावा.

तिसरा मार्ग प्रारणाचा. निरभ्र रात्री जमिनीवरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे फेकत असते. ढग असले तर ते त्यातील बराच भाग परत पाठवतात. आकाश मोकळे असेल तर तो निघून जातो. तंबूचे कापड पातळ असल्याने त्यात उष्णतेचा साठा नसतो. ते इतके निवते की आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. आता पुढचा प्रश्न आपोआप सुटेल.

तंबूत पाऊस कसा पडला?

सकाळी उठावे तो तंबूचे आतले अंग थेंबांनी भरलेले! कापड गळते असे वाटते, पण बाहेर तर पाऊस नव्हता. हे पाणी आले कोठून?

ते तुमच्यातूनच आले. श्वासातून आणि त्वचेतून, घाम न येताही, आपल्या शरीरातून ताशी सुमारे 30 ग्रॅम बाष्प बाहेर पडते. समजा, तंबूत चौघे आठ तास झोपले. 30 × 4 × 8 = 960 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी तंबूतील हवेत मिसळले. आता ही हवा किती बाष्प धरू शकते ते पाहू. 20° से. तापमानाला 1 घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे 17.3 ग्रॅम बाष्प धरते, 10° से. ला केवळ 9.4 ग्रॅम. तंबूचे घनफळ 4 घनमीटर धरले तर 10° से. ला त्यात 9.4 × 4 = सुमारे 38 ग्रॅम बाष्प मावेल. कोठे 38 ग्रॅम आणि कोठे 960 ग्रॅम! उरलेले बाष्प एक तर फटींतून बाहेर गेले पाहिजे, नाही तर थंड कापडावर पाणी होऊन बसले पाहिजे. तंबू घट्ट बंद केला तर दुसरी गोष्ट घडते. गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून कितीही थंडी असली तरी तंबूला वर आणि खाली झरोके उघडे ठेवावेत. चौघांच्या शरीरांतून मिळून सुमारे 300 वॉट उष्णता निघत असते. तिने गरम झालेली दमट हवा वरच्या झरोक्यातून जाते आणि खालून ताजी हवा येते. दुहेरी कापडाचा तंबू असेल तर आणखी चांगले. आतले कापड हवा जाऊ देणारे असते. बाष्प त्यातून पार होऊन बाहेरच्या, थंड कापडावर थेंब होऊन जमते आणि बाजूने ओघळून जाते. आकाशाकडे उष्णता फेकण्याचे कामही बाहेरचे कापडच करते, त्यामुळे आतले फार निवत नाही.

जुन्या जाड सुती तंबूची गंमत वेगळी आहे. पाऊस लागला की सुताचे धागे फुगतात आणि विणीतील छिद्रे लहान होतात. त्या बारीक छिद्रांत पाणी पृष्ठताणामुळे अडून राहते, आत ठिबकत नाही. पण आतून कोणी बोट लावले, की तेथील पाण्याला वाट मिळते आणि नेमके तेथून थेंब गळू लागतात. बालवीरांच्या शिबिरात 'तंबूला हात लावू नका' असे बजावतात, ते यासाठी.

शेगडी आत आणू नका

या लेखातील एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा. थंडी वाजते म्हणून पेटत्या कोळशाची शेगडी, घमेले किंवा गॅसची शेगडी तंबूत कधीही आणू नये.

कोळसा जळताना हवा पुरेशी नसेल तर कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याची घनता हवेच्या जवळपास असल्याने तो खाली बसत नाही की वर निघून जात नाही. सगळीकडे सारखा पसरतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. परंतु त्याला कार्बन मोनॉक्साइडची ओढ ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पटींनी जास्त असते. हवेत तो थोडासा असला तरी हिमोग्लोबिन त्यालाच धरून बसते, आणि ऑक्सिजनला जागा उरत नाही. भोवती हवा असूनही शरीर आतून गुदमरते. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. झोपलेल्या माणसाला हे काही कळतच नाही, आणि तो जागा होत नाही.

'धूर नाही, निखारे लाल झालेत, आता काही भीती नाही,' हा समज तर फारच घातक आहे. धूर नसतानाच हा वायू जास्त फसवतो. अशा तंबूत कोणी बेशुद्ध आढळला तर आधी त्याला उघड्यावर आणा, शेगडी बाहेर काढण्यात वेळ घालवू नका, आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ऊब हवी असेल तर बाहेर शेकोटीपाशी बसा, आणि झोपताना गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून रगात घ्या. पाण्याचा विशिष्ट उष्मा मोठा असल्याने ती पुष्कळ वेळ पुरते.

पाणी दिसते नितळ, पण...

तलावाचे पाणी ओंजळीत घेतले तर काचेसारखे दिसते. पण पटकी, विषमज्वर, कावीळ, आमांश यांचे जंतू आणि विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत. वरच्या उतारावर गुरे चरतात, माणसे वावरतात. पहिल्या पावसाबरोबर सारे खाली येते. तुरटी फिरवली तर गढूळपणा खाली बसतो, मात्र सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून पाणी आधी निवळावे, फडक्याने गाळावे आणि मग उकळावे.

किती उकळावे? भंडारदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. उंची वाढते तसा हवेचा दाब घटतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू दर 300 मीटरला सुमारे 1 अंशाने उतरतो. म्हणजे येथे पाणी सुमारे 97.5° से. ला उकळेल. समोरच्या कळसूबाई शिखरावर, 1646 मीटर उंचीवर, ते सुमारे 94.5° से. लाच उकळेल. तेवढ्या उष्णतेत डाळ शिजायला वेळ लागतो, पण जंतू मरायला ती पुरेशी आहे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते एक मिनिट उकळत ठेवावे. 2000 मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे ठेवावे. नुसते बुडबुडे दिसू लागले म्हणजे उकळी आली असे नव्हे. सुरुवातीचे बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात.

येथे एक गोष्ट विसरू नये. उकळल्याने जंतू मरतात. शेतातून वाहून आलेली खते आणि कीटकनाशके जात नाहीत. उलट पाण्याची वाफ होऊन विरघळलेले नायट्रेटसारखे क्षार किंचित जास्तच दाट होतात. यासाठी शेताच्या निचऱ्याजवळचे पाणी पिण्यासाठी घेऊच नये. गावकरी ज्या विहिरीचे वा नळाचे पाणी पितात ते विचारून आणावे, आणि तेही उकळावे.

तीन सावधगिऱ्या

पहिली पोहण्याविषयी. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे वरून पाहिल्यास तळ खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांशावरच दिसतो. दोन मीटर खोल पाणी दीड मीटर वाटते. तिरके पाहिले तर आणखी उथळ. शिवाय हा तलाव म्हणजे बुडालेली दरी आहे. पाण्याखाली जुने बांध, झाडांचे बुंधे, गाळ आणि एकाएकी तुटलेले कडे आहेत. तरणतलावात पोहता येते म्हणून धरणाच्या पाण्यात उतरू नये.

दुसरी विजेविषयी. मे-जूनमध्ये येथे काजवे पाहायला लोक येतात, आणि नेमके तेच दिवस वळवाच्या गडगडाटाचे असतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि त्यास 3 ने भागा. वीज किती किलोमीटरवर पडली ते कळेल, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. हे अंतर 10 किलोमीटर किंवा कमी, म्हणजे 30 सेकंद किंवा कमी भरले, की तंबू सोडावा. तंबू विजेपासून मुळीच संरक्षण देत नाही. त्याचे धातूचे खांब उलट धोक्याचेच. पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार गाठावी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप मोबाइलवर घेतले तर आसपास पडणाऱ्या विजांची सूचना मिळते.

तिसरी साप-विंचवांविषयी. भाताच्या शेतात उंदीर असतात, म्हणून तेथे सापही असतात. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तरी पुष्कळदा वेदना होत नाहीत. तळ शिवलेला तंबू, त्याची बंद ठेवलेली साखळी आणि हातात विजेरी, एवढ्याने बहुतेक धोका टळतो. सकाळी बूट झटकूनच घालावेत. साप चावल्यास चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, तोंडाने विष ओढू नये. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. तेथे प्रतिविष मिळते. लाल विंचवाचा दंशही प्राणघातक ठरत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात, प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध त्यावर गुणकारी असल्याचे दाखवले आणि असंख्य जीव वाचले. ग्रामीण रुग्णालयात काम करताना केलेल्या या संशोधनाची दखल जगाने घेतली.

हे पाणी कोणाचे?

तुम्ही ज्या काठावर झोपता, त्याच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने घटतो आणि संगमनेरच्या पुढे जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास राहतो. पश्चिमेचा पाऊस पूर्वेच्या कोरड्या जमिनीला मिळावा, हाच या धरणाचा उद्देश. प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर भागातील शेती भिजते आणि अनेक गावे याच नदीचे पाणी पितात. पुढे ही नदी प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते.

आता हिशेब करा. एका तंबूतील चौघांनी तलावात साबणाने भांडी घासली, काठावरच शौचास बसले, प्लास्टिक तेथेच टाकले, तर तलावाचे फारसे काही बिघडणार नाही असे वाटते. पण एका सुट्टीत काठावर शंभर तंबू असतील तर? साबणाचे आणि मैल्याचे पाणी शेवाळाला खत पुरवते. शेवाळ वाढून कुजते तेव्हा पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. काठाजवळच्या गावाची विहीर तर याहून लवकर बिघडते. म्हणून स्वच्छतागृह नसेल तेथे पाण्यापासून किमान 60 मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे 80 पावले दूर, वीतभर खोल खड्डा करावा आणि मातीने बुजवावा. वरच्या मातीत जिवाणू भरपूर असतात. ते मैला लवकर कुजवतात. भांडीही दूर नेऊन घासावी आणि ते पाणी जमिनीवर पसरून टाकावे. मातीतून मुरताना ते बरेचसे गाळले जाते.

काजव्यांच्या दिवसांत विजेरी जपून वापरावी. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन जवळजवळ उष्णतेविना प्रकाश निघतो, आणि तो नर-मादीला एकमेकांचा पत्ता देतो. विजेऱ्यांच्या झोतात तो पत्ता हरवतो. काजव्यांचा तो एकच हंगाम असतो.

करून पहा

1. चार साधे तापमापक घ्या. एक जमिनीवर, एक जमिनीपासून 1 मीटर उंचीवर, एक तंबूत आणि एक काठाच्या पाण्यात ठेवा. पाण्यातल्या तापमापकाला दोरी बांधा, आणि तो पाहायला मोठ्या माणसाबरोबरच जा. संध्याकाळी 6 पासून दर तासाने आणि पुन्हा पहाटे नोंदी करून आलेख काढा. कोणती रेषा सर्वांत सपाट येते?

2. कोरड्या कापसाचे दोन सारखे बोळे वजन करून रात्री बाहेर ठेवा. एक उघड्यावर, दुसरा झाडाखाली. सकाळी पुन्हा वजन करा. दव कोठे जास्त पडले? प्रारणाचा भाग आठवून कारण लिहा.

3. हिवाळ्यात पहाटे तलावावर धुके दिसते, पण वरच्या खाचरांवर कमी असते. पाण्याचे आणि हवेचे तापमान मोजून याचा उलगडा करा.

प्रश्न

1. 5 घनमीटर घनफळाच्या बंद तंबूत तिघे सहा तास झोपले. 15° से. ला 1 घनमीटर हवा 12.8 ग्रॅम बाष्प धरते. हवा आरंभी कोरडी होती असे मानल्यास किती ग्रॅम पाणी कापडावर जमेल? प्रत्यक्षात हवा आरंभी कोरडी नसते; मग उत्तर वाढेल की कमी होईल?

2. वीज चमकल्यावर 12 सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. वीज किती दूर पडली? आता काय कराल?

3. वाऱ्याचा वेग तिप्पट झाला तर तंबूच्या दोऱ्यांवरील ओढ सुमारे किती पट होईल?

4. कळसूबाईवर डाळ शिजायला वेळ का लागतो, आणि झाकण घट्ट बसणारा कुकर तेथे काय काम करतो?